अर्धी खुर्जीन

युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांच्या घरी, लिलावगृहांच्या याद्यांत आणि कित्येक संग्रहालयांतही हात-दीड हात लांबीरुंदीचे, जवळपास चौकोनी लोकरी तुकडे चौकटीत घालून भिंतीवर लावलेले दिसतात. नोंदीत लिहिलेले असते, ‘खुर्जीनचा दर्शनी भाग’. खुर्जीन म्हणजे खेचराच्या किंवा गाढवाच्या पाठीवर टाकायची जोडझोळी. दोन्ही अंगांना एकेक खिसा, मध्ये जोडपट्टा, मागच्या बाजूला साध्या विणीचे पट्टे आणि तोंडाशी विणलेल्या फासांची ओळ. एका फासातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा ओवत नेला आणि शेवटच्यात कुलूप अडकवले की झोळी बंद. अशी वस्तू शिराझच्या किंवा तेहरानच्या बाजारात आली की व्यापारी तिच्यावर कात्री चालवायचा. दोन खिशांचे दोन दर्शनी भाग झाले की दोन गिऱ्हाइके मिळत. जोडपट्टा आणि मागची बाजू बहुतेक वेळा फेकून दिली जाई.

इराणच्या भटक्या जमातींच्या जुन्या विणकामाचा आढावा इथूनच घ्यायला हवा. या जमातींनी जे विणले त्यातले बाजाराला विकण्याजोगे वाटले आणि संग्राहकाला भिंतीवर शोभेलसे वाटले तेवढेच आपल्यापर्यंत आले आहे. संग्राहकांनी यातले पुष्कळ वाचवले हे खरे. पण त्यांच्याच आवडीने पुष्कळ तोडलेही. म्हणून जुना गालिचा विकत घेणाऱ्याने रंग-नक्षीच्या आधी एक प्रश्न विचारावा असे मला वाटते : ही वस्तू कशासाठी विणली होती, आणि आज तिचे किती अंग शिल्लक आहे?

शहरी गालिचा आणि जमातीचा गालिचा यांतला फरक आधी नीट समजून घेऊ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबिलचा गालिचा शहरी परंपरेचे शिखर मानला जातो. त्यावर हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४० हे साल आणि मक्सूद काशानी हे नाव विणलेले आहे. १८९३ मध्ये इंग्रज कलावंत विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीने तो दोन हजार पौंडांना घेतला गेला. त्यामागे नक्षीकार होता, आखलेला नकाशा होता, पदरी कारागीर होते. जमातीच्या गालिच्यामागे यातले काहीच नसते. मेंढी घरची, सूत घरी कातलेले, रंग बहुधा घरी किंवा जवळच्या गावातल्या रंगाऱ्याकडून दिलेला. नक्षी विणणारीच्या डोक्यात, नाहीतर शेजारच्या पालात पडलेल्या एखाद्या जुन्या तुकड्यावर. विणणाऱ्या बायका. पुरुष माग ठोकून देतात, लोकर कापतात. आपल्याकडे धनगर बायका सूत काततात, पण घोंगडी विणायचे काम पुष्कळ ठिकाणी सणगरांकडे जाते. दक्षिण इराणमधल्या फार्सच्या काळ्या तंबूत मात्र कातणे, विणणे, नक्षी ठरवणे हे सगळे एकाच बाईच्या हातात राहिले.

तिचा माग जमिनीवर आडवा पसरलेला असतो. चार खुंट्या, दोन आडवी लाकडे आणि त्यांच्यात ताणलेला लोकरीचा ताणा, एवढाच त्याचा सरंजाम. कुरण संपले आणि तळ हलवायची वेळ आली की खुंट्या उपटायच्या, अर्धा विणलेला गालिचा लाकडांसकट गुंडाळून जनावरावर लादायचा आणि पुढच्या तळावर पुन्हा ठोकायचा. दुसऱ्यांदा ताण पहिल्यासारखा बसेलच असे नाही. म्हणून या गालिच्यांची रुंदी एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी असते, काठ किंचित वळलेले असतात. निळ्या जमिनीत मध्येच निळ्याचा वेगळाच पट्टा उमटतो, कारण लोकर थोडी थोडी रंगवली जाते आणि दुसऱ्या घाण्याचा रंग पहिल्यासारखा उतरत नाही. इराणात याला ‘अब्राश’ म्हणतात. हल्ली कारखान्यात मुद्दाम अब्राश घालतात, पण तो ओळखू येतो. खरा पट्टा जिथे सूत संपले तिथेच, एखाद्या ओळीच्या अर्ध्यातही सुरू होतो. नकली पट्टे मोजूनमापून ठेवलेले असतात.

आता या जमाती कोणत्या? संग्राहकांच्या लेखी दक्षिणेतला फार्स प्रांत सर्वांत समृद्ध. तिथे तुर्की बोली बोलणारे कश्काई आहेत. हिवाळ्यात फिरुझाबादच्या बाजूच्या उबदार सखल भागात आणि उन्हाळ्यात उत्तरेला सेमिरोमच्या डोंगराळ कुरणांत, अशी त्यांची वर्षाची ये-जा. त्यांचा जोर मोडून काढण्यासाठी १८६१-६२ मध्ये इराणच्या काजार दरबाराने शिराझच्या कवाम घराण्याच्या हाताखाली पाच जमातींचा एक संघ उभा केला. अरब, बासेरी, बहारलू, ऐनालू आणि नफर या त्या पाच. यांनाच ‘खम्से’ म्हणतात. म्हणजे गालिच्यांच्या पुस्तकांत कश्काईच्या शेजारी ज्या नावाचे स्वतंत्र प्रकरण असते ते नाव मुळात राजकीय सोयीतून आलेले आहे. तिथल्या बायका एकमेकींच्या नक्ष्या उचलत होत्या, लग्न होऊन इकडून तिकडे जात होत्या. तरीही काही खुणा उपयोगी पडतात. कश्काई कामात ताणा बहुधा पांढऱ्या लोकरीचा असतो आणि आडवे धागे पुष्कळदा लाल रंगवलेले. खम्सेच्या कामात ताण्यात तपकिरी-करडी लोकर मिसळलेली दिसते आणि सबंध जमिनीवर कोनाकृती, कोंबड्यांसारखे पक्षी पेरलेले. नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी बासेरींसोबत राहून लिहिलेला अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. गालिच्यांवरचा तो ग्रंथ नाही. तरी ज्यांच्या वस्तू आपण भिंतीवर टांगतो ते लोक वर्षभर जगतात कसे, कळप वाढला-घटला की त्यांच्या घराचे काय होते, हे कळण्यासाठी संग्राहकाने तो वाचावाच.

फार्सच्या विणकामात हिंदुस्थानही आहे. कश्काईंच्या गालिच्यांवर जी कोयरी दाटीने विणलेली असते ती काश्मिरी आणि केरमानी शालींच्या वाटेने तिथे रुजली. त्याहून ठळक उदाहरण ‘हजार फुलां’च्या गालिच्यांचे. कमानीखाली एका कुंडीतून उगवलेला फुलांचा दाट गुच्छ आणि दोन्ही कडांना अर्धे अर्धे सुरूचे झाड ही मांडणी मुघल काळात हिंदुस्थानात विणल्या गेलेल्या गालिच्यांची आहे. एकोणिसाव्या शतकात ती शिराझच्या परिसरात विणली जाऊ लागली. जमातींचे विणकाम बाहेरच्या जगापासून अलिप्त, आदिम, पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे चालत आले, हा समज एवढ्या एका उदाहरणानेही टिकत नाही. त्या बायकांनी बाहेरची नक्षी पाहिली, आवडली ती घेतली आणि आपल्या हाताने बदलली.

वायव्येच्या शाहसेवनांची हकिकत वेगळी, आणि नावे कशी चिकटतात हे समजायला तिच्याइतकी बोलकी दुसरी नाही. ही तुर्कीभाषक जमात हिवाळ्यात मोगानच्या गवताळ सपाटीवर आणि उन्हाळ्यात सबलान पर्वताच्या उतारांवर राहत असे. १८२८ च्या तुर्कमानचाय तहाने मोगानचा मोठा भाग रशियाकडे गेला. पुढे १८८४ मध्ये रशियाने सरहद्द बंद केली आणि जमातीची हिवाळी कुरणे तुटली. त्यांच्या बायका ज्या वस्तू विणत त्यांत लव नसलेल्या, धागा ताण्याभोवती गुंडाळत नेणाऱ्या ‘सुमाक’ विणीच्या खुर्जिनी होत्या आणि ‘मफराश’ नावाच्या पेटीसारख्या लांबट पिशव्या होत्या. मफराशीत अंथरुणे-पांघरुणे भरत. त्यांतली वीण इतकी बारीक की तुकडा हातात घेतला तर जाड भरजरी कापड वाटावे. पाश्चात्त्य बाजारात ही सगळी कामे अनेक दशके ‘कॉकेशियन’ म्हणून खपत राहिली. १९७० च्या दशकापासून मूर्तिकार परवीझ तनावोली, जेनी हाउसेगो आणि पुढे जॉन वर्टाइम अशांनी जमातींमध्ये फिरून, विचारून, तुकडे जुळवून शाहसेवनांचे नाव त्यांच्या कामाला परत जोडले. रिचर्ड टॅपर यांच्या मानववंशशास्त्रीय अभ्यासाने त्याला इतिहासाचा आधार दिला. आता उलट घडते आहे. बाजारात सुमाक विणीची कुठलीही जुनी पिशवी दिसली की तिला शाहसेवन म्हणतात, आणि त्यात कुर्दांचे, गावकऱ्यांचे कामही वाहून जाते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. केरमानच्या बाजूचे अफशार मूळचे वायव्येचे तुर्की लोक. इराणच्या सफावी राजवटीच्या काळात त्यांच्यातल्या काहींना तिकडे हलवले गेले. खोरासानच्या कुर्दांचेही तसेच. सफावी राजा शाह अब्बासने त्यांना १६०० च्या सुमारास ईशान्य सरहद्द राखायला पाठवले. बख्तियारी आणि लूर झाग्रोस पर्वतातले. तुर्कमान लोक इराणच्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना, आणि त्यांच्या विणकामावर स्वतंत्र लेखच हवा. त्यांच्या लाल गालिच्यांना ‘बुखारा’ म्हणायची सवय केवळ ते बुखाऱ्याच्या बाजारातून पुढे जात म्हणून पडली. बलुच विणकामाविषयी मात्र दोन शब्द जास्त लिहावेसे वाटतात. खोरासान-सिस्तानचे हे गालिचे काळपट निळे, गडद लाल, उंटाच्या रंगाचे असतात. जुन्या व्यापाऱ्यांनी त्यांना स्वस्तातला माल मानले. त्यामुळे त्यांच्यावर फार कात्रीही चालली नाही. दोन्ही टोकांना पट्ट्यांची आणि बारीक नक्षीची जी लांब सपाट वीण असते ती कित्येक बलुच गालिच्यांवर अजून शाबूत आहे. उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय त्यांचे रंग दिसतच नाहीत. नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याला मी पहिल्यांदा बलुच पाहायला सांगेन, कारण इथे अजून माफक किमतीत संपूर्ण वस्तू मिळू शकते.

संपूर्ण वस्तू का हवी, याचे उत्तर बख्तियारी आणि लूर पिशव्यांत आहे. अशी एखादी मोठी खुर्जीन पुढ्यात उलगडून पाहावी. वरचा बहुतेक भाग सुमाक विणीचा, सपाट आणि घट्ट. पण तळाशी, जिथे पिशवी दुमडते, तिथे आणि कोपऱ्यांवर एकदम गाठींची लव सुरू होते. पहिल्यांदा पाहताना ही नुसती सजावट वाटते. पण भरलेली पिशवी जनावरावरून उतरवली की ती याच भागावर टेकते. खडकाळ जमिनीवर ओढली जाते ती इथेच, जनावराच्या अंगाशी घासते तीही इथेच. सपाट वीण लवकर विरेल हे विणणारीला माहीत होते. म्हणून झिजायला तिथे लव दिली. ही पिशवी कापून तिचा दर्शनी भाग चौकटीत घातला तर कापणारा बहुधा हाच भाग खालची ‘जाड पट्टी’ म्हणून सोडून देतो, आणि त्याबरोबर विणणारीची सगळी अक्कल जाते.

मिठाच्या पिशवीचेही तसेच. ‘नमकदान’ खाली चौकोनी आणि वर निमुळत्या मानेची, बाटलीच्या आकाराची असते. आत माणसाचा हात जावा पण मेंढी-बकरीचे तोंड जाऊ नये, म्हणून ही मान. कळपाला मीठ लागते आणि घरालाही. तनावोलींनी नमकदाने आणि ‘सोफरे’, म्हणजे भाकरी-पीठ गुंडाळायची, जेवताना पसरायची वस्त्रे, यांवर वेगळे पुस्तकच केले. सोफऱ्यांकडे संग्राहक उशिरा वळले. मधली जमीन मोकळी, उंटाच्या लोकरीच्या फिकट रंगाची आणि काठाला थोडी दातेरी नक्षी, हे आधीच्या पिढीला रिकामे वाटे. तीच नजर गब्बेवरही पडली होती. गब्बे म्हणजे जाड लवीचे, मोठ्या गाठींचे, तंबूत अंथरायचे गालिचे. त्यांत दोन गाठींच्या ओळींमध्ये आडवे धागे भरपूर घातलेले असतात, म्हणून ते गोधडीसारखे मऊ पडतात. फार्सच्या गालिच्यांवरचे सिंहही, लहान मुलाने काढावेत तसे डोळे वटारलेले, कुणी गांभीर्याने घेत नव्हते. तनावोलींनी १९७० च्या दशकात त्यांचा संग्रह करून पुस्तक लिहिले तेव्हा कुठे बाजाराचे लक्ष गेले.

संग्राहकाचा मोठा प्रश्न वयाचा. कायद्याच्या आणि जकातीच्या भाषेत शंभर वर्षे झाली की वस्तू पुरातन. जमातींच्या विणकामात मात्र बहुतेक जाणकार रंगांवरून रेघ ओढतात. १८५६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला. दोन-तीन वर्षांतच फुक्सिन हा झगझगीत जांभळट गुलाबी रंग आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तो पुड्यांमधून इराणच्या आडगावांपर्यंत पोहोचला. काजार सरकारने अशा कृत्रिम अॅनिलीन रंगांवर बंदी घातली, पुन्हा घातली. अंमल कच्चाच राहिला. फुक्सिनची चुगली सोपी आहे. गालिच्याची लव बोटांनी फाकवून मुळाशी पाहावे. वर राखाडी किंवा मातकट आणि मुळाशी भडक गुलाबी दिसला तर तो हाच रंग. नंतरचे केशरी आणि लाल कृत्रिम रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबल्यावर उतरतात, शेजारच्या पांढऱ्या लोकरीत पसरलेलेही दिसतात.

पण रेघ इतकी सरळ नाही. मंजिष्ठेच्या मुळ्यांत जे लाल द्रव्य असते तेच, अलिझरिन, १८६८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत बनले, आणि ते डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाही. प्रयोगशाळेत येते, कारण नैसर्गिक मंजिष्ठेत सोबतीला इतरही लाल द्रव्ये असतात. नीळही तशीच. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि हिंदुस्थानच्या निळीचा धंदा बसला. त्या नव्या निळीने रंगवलेला कश्काई गालिचा जुन्या निळीच्या गालिच्याशेजारी ठेवला तर फरक सांगणे कठीण. शिवाय एखाद्या उत्तम हाताच्या बाईने १९१० मध्ये डाळिंबाची साल, अक्रोडाचे टरफल आणि मंजिष्ठ वापरून सुंदर गालिचा विणला असेल तर केवळ ‘उशिराचा’ म्हणून त्याला खाली बसवायचे का? बाजार बसवतो. मला ते पटत नाही.

वयाची आणखी एक खूण लवीच्या उंचीत सापडते. गडद तपकिरी-काळा रंग लोखंडाच्या क्षाराने पक्का करत आणि त्या क्षाराने लोकर खाल्ली जाते. म्हणून जुन्या गालिच्यात काळ्या रेषा खोल जातात आणि बाकीची नक्षी कोरीव कामासारखी वर उठून दिसते. नकली म्हातारपण आणणारे ही खोली कात्रीने कापून तयार करतात, पण त्यांची धार सारखी येते.

सालांचा मामला त्याहून नाजूक. विणलेल्या हिजरी सालाचे इसवी साल काढायला सोपा हिशेब आहे : सालातून शेकडा तीन वजा करायचे आणि ६२२ मिळवायचे. १३३० म्हणजे साधारण १९१२. आता फारसी आकड्यांतला तीन आणि दोन यांत फरक वरच्या एका दात्याचा. तेवढ्या एक-दोन गाठी चिमट्याने उपटल्या की १३३० चे १२३० होते आणि गालिचा जवळपास शंभर वर्षांनी मागे, १८१५ वर जातो. म्हणून साल दिसले की गालिचा पालथा करावा. मागच्या बाजूने त्या आकड्याजवळ गाठ गायब आहे का, उघडा ताणा दिसतो का, नवे सूत भरले आहे का ते भिंगाने पाहावे. यात विणणारीची काही लबाडी नसते. तिला बहुधा वाचता येत नसे. तिने एखादा लेख चित्रासारखा पाहून विणला, कधी उलटा, कधी आरशातल्यासारखा. लबाडी नंतरच्या हातांची.

प्रयोगशाळेची मदतही मर्यादित आहे. कार्बन-१४ चाचणी सतराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या लोकरीला एकच ठाम काळ देऊ शकत नाही. दोन-तीन शक्यता हातात ठेवते. त्यापूर्वीच्या तुकड्यांना मात्र तिचा उपयोग झाला. युर्ग रागेट यांनी तुर्कमान विणकामावर अनेक वर्षे रंगद्रव्यांची आणि कार्बनची चाचणी करून २०१६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि काही तुकडे सोळाव्या-सतराव्या शतकांपर्यंत मागे नेले. फार्सच्या किंवा बलुच कामावर एवढे कष्ट अजून कुणी घेतलेले नाहीत. आज बाजारात ‘अठराव्या शतकातला कश्काई’ असे कुणी छातीठोकपणे सांगितले तर पुरावा काय ते विचारावे.

नक्ष्यांच्या अर्थाकडे वळताना तर जास्तच जपून राहावे. दुकानदार प्रत्येक आकृतीला अर्थ देतो : हे जीवनवृक्ष, ही सुफलतेची देवी, हा दृष्ट लागू नये म्हणून डोळा. या सगळ्याला विद्वत्तेचे बळ मिळाले ते तुर्कस्तानातल्या चातालह्युयुक या नवाश्मयुगीन वसाहतीच्या संदर्भात. तिथे १९६० च्या दशकात उत्खनन करणारे जेम्स मेलार्ट यांनी १९८९ मध्ये, सहलेखकांबरोबर, तिथल्या भित्तिचित्रांत आजच्या अनातोलियन किलीमांच्या, म्हणजे लव नसलेल्या सपाट गालिच्यांच्या, नक्ष्या आहेत असे मांडले. छायाचित्रे नव्हती, होती ती त्यांनी काढलेली रेखाटने. अभ्यासकांनी तेव्हाच आक्षेप घेतले. २०१८ मध्ये, मेलार्ट यांच्या मृत्यूनंतर, त्यांच्या घरात अशा बनावट चित्रांची कच्ची रेखाटने सापडल्याचे जाहीर झाले. आठ हजार वर्षांच्या अखंड देवीची कल्पना पुष्कळांना मोहवून गेली होती, आणि तिच्या जोरावर पुष्कळ किलीम विकलेही गेले. गाठींचे विणकाम फार जुने आहे हे मात्र खरेच. अल्ताय पर्वतातल्या पाझिरिकच्या बर्फाळ थडग्यात १९४९ मध्ये रशियन पुरातत्त्वज्ञ रुदेन्को यांना सापडलेला गालिचा सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याची कारागिरी आजही थक्क करते. पण तिथून फिरुझाबादच्या तंबूपर्यंत एक रेघ ओढायला लागणारे मधले दुवे नाहीत. शिवाय नक्षीला अर्थ असलाच पाहिजे हा हट्ट विणणारीवर अन्याय करतो. एखादी आकृती तिला आवडली, तिच्या आईने शिकवली, जागा भरायला नेमकी बसली, एवढे कारण कलेला पुरते.

या वस्तू बाजारात आल्या कशा, हा भाग संग्राहकांच्या पुस्तकांत फार थोडक्यात उरकतात. इराणच्या रझाशाहने १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून भटक्या जमातींना सक्तीने एका जागी बसवायला सुरुवात केली. स्थलांतराचे रस्ते अडवले, तंबू मोडले, कळप उपासमारीने मेले. १९४१ मध्ये त्याची सत्ता गेल्यावर अनेक जमाती पुन्हा वाटेला लागल्या. पण १९६३ नंतरच्या जमीनसुधारणांनी आणि कुरणांच्या राष्ट्रीयीकरणाने दुसरा घाला घातला. सामान ट्रकने जाऊ लागले तशी खुर्जिनीची, मफराशीची गरजच संपली. घरातले विणलेले सामान बाहेर निघाले ते याच काळात. काही हौसेने विकले गेले, बरेचसे गरजेपोटी. नेमक्या याच काळात पश्चिमेत या विणकामाची नवी आवड जागी होत होती. वॉशिंग्टनच्या टेक्स्टाइल म्युझियममध्ये १९६९ मध्ये सपाट विणीच्या गालिच्यांचे प्रदर्शन झाले. १९७६ मध्ये लंडनला गालिच्यांवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९७८ मध्ये ‘हाली’ हे नियतकालिक निघाले, आणि त्याच वर्षी जेनी हाउसेगो यांचे इराणी जमातींच्या विणकामावरचे पुस्तक आले. पाठोपाठ जेम्स ओपी यांचे दक्षिण इराणवरचे पुस्तक आले. तंबू रिकामे होत होते तेव्हाच भिंती सजत होत्या, ही गोष्ट संग्राहकाने विसरता कामा नये.

किमतींविषयी एवढेच सांगतो की या क्षेत्रातला पैसा शहरी गालिच्यांभोवती फिरतो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सोदबीज लिलावात सतराव्या शतकातला एक इराणी गालिचा ३.३८ कोटी डॉलरना गेला. जमातींच्या कामाला त्या उंचीचा गंधही नाही. म्हणूनच इथे सामान्य मिळकतीच्या, पण अभ्यासू माणसालाही अजून जागा आहे. अमेरिकेच्या इराणवरच्या निर्बंधांनी बाजार पुष्कळ हलवला. १९८७ ची इराणी मालाच्या आयातीवरची बंदी २००० मध्ये गालिच्यांपुरती उठली, २०१० मध्ये पुन्हा आली, २०१५ च्या अणुकरारानुसार २०१६ मध्ये उठली आणि २०१८ मध्ये परत बसली. त्याची झळ जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांपेक्षा आज विणणाऱ्यांना जास्त बसली.

आपल्याकडे असा गालिचा वारशाने आला असेल किंवा परदेशातून आणला असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था यांच्याखेरीज कुणालाही देशाबाहेर नेता येत नाही. वय कमी असेल तर भारतीय पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्यावा लागतो. म्हणून परदेशी विकायच्या हिशेबाने कुणी भारतात जुना गालिचा घेऊ नये. दुसरी गोष्ट कसर. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पलंगाखाली घडी करून ठेवलेला लोकरी गालिचा दोन पावसाळ्यांत चाळणी होतो. कसरीला अंधार आणि स्तब्धता आवडते. गालिचा अधूनमधून उलटावा, दोन्ही बाजूंनी झाडावा. ठेवायचाच असेल तर घडी न घालता नळीवर गुंडाळून धुतलेल्या सुती कापडात ठेवावा, प्लास्टिकमध्ये नाही. कसर लागलेला लहान तुकडा मात्र प्लास्टिकमध्ये नीट बंद करून उणे वीस अंशांत दोन आठवडे गोठवला तर अंडी-अळ्या मरतात. टांगायचा असेल तर खिळे न ठोकता मागे सुती पट्टी शिवून टांगावा, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर सारखे पडते. आणि भोक पडले तर तिथे नव्या गाठी भरून घेण्याची घाई करू नये. मागून कापड लावून ते पुढे पसरणे थांबवले की पुरे. नव्या गाठींखाली जुना पुरावा झाकला जातो.

फार्समध्ये विणकाम थांबलेले नाही. २०१० मध्ये युनेस्कोने फार्सच्या गालिचा-विणकामाचे पारंपरिक कौशल्य अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. १९८० च्या दशकात शिराझच्या व्यापाऱ्यांनी हाताने कातलेली लोकर आणि वनस्पतिजन्य रंग पुन्हा वापरात आणले आणि त्यातून आजचा गब्बे उभा राहिला. १९९६ च्या मोहसेन मखमलबाफ यांच्या ‘गब्बे’ या चित्रपटाने त्याला जगभर ओळख दिली. यातले पुष्कळ काम परदेशी दिवाणखान्यांसाठी मागणीप्रमाणे होते आणि ते जुन्या वस्तूंच्या तोडीचे नाही. पण काही तुकडे असे असतात की विणणारीने स्वतःच्या मर्जीने घातलेली बकरी, झाड, माणूस त्यांत स्पष्ट दिसतात. जुन्या खुर्जिनी कुणी विणल्या हे आता कळायला मार्ग नाही. आजच्या गब्बेचे तसे नाही. चांगला गब्बे विकत घेणाऱ्याने दुकानदाराकडे विणणारीचे नाव, तिचे गाव आणि विणल्याचे वर्ष मागावे, बहुतेक दुकानदार ‘कळवतो’ म्हणतील तरी पाठपुरावा करावा, आणि मिळाले की सुती पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने लिहून ती गालिच्याच्या मागच्या बाजूला दोन टाक्यांनी शिवून टाकावी.